सुटकेसभर डुक्कर: मिनी पिग घरात येण्याआधीच्या तयारीचं एक प्रकरण

फोन आला तेव्हा पिल्लू ठरलं होतं, आणायचा दिवसही ठरला होता. हातात बारा दिवस होते. "तुम्ही एकदा घर बघून जाल का? काय काय आणून ठेवायचं ते सांगाल," ताई म्हणाल्या.

मी पाळीव प्राण्यांच्या वागणुकीचं काम करते. मुख्यतः कुत्री, पण गेल्या काही वर्षांत मिनी पिग असलेली घरंही बरीच पाहिली. त्यांतली बहुतेक घरं मला प्राणी येऊन सहा-आठ महिने झाल्यावर बोलावतात, म्हणजे सोफा उसवल्यावर आणि शेजाऱ्यांशी वाजल्यावर. आधी बोलावणारं घर विरळाच, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. घरातल्यांची नावं दिलेली नाहीत. पिल्लाचं खरं नावही देत नाही, तिला चिंगी म्हणू.

घर तळमजल्यावरचं. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागे साधारण पाच बाय सात मीटरचं अंगण आणि त्याला खांबांवर ठोकलेली तारेची जाळी. माणसं चार: ताई, दादा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि दादांच्या आई, ज्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. शिवाय दहा वर्षांचा कुत्रा, शांत, बहुतेक वेळ दारात आडवा पसरलेला. दिवसा ताई-दादा कामावर आणि मुलगी शाळेत, त्यामुळे घरी आजी आणि कुत्रा दोघंच.

त्यांनी तयारी केली नव्हती असं नाही. हॉलच्या कोपऱ्यात मांजरासाठी मिळतो तसला गोल मऊ बिछाना, त्याला खेटून स्टीलचं पाण्याचं भांडं, भांड्याला खेटून प्लास्टिकचा ट्रे आणि ट्रेमध्ये मांजराची, ओली झाली की घट्ट गोळा होणारी माती. सगळं मिळून एका चौरस मीटरात मावलेलं. वर भिंतीवर मुलीने काढलेलं चित्र होतं, चहाच्या कपात बसलेल्या डुकराचं.

मी त्या चित्रापासूनच सुरुवात केली.

कप आणि सुटकेस

"मोठी झाल्यावर किती किलोची होईल म्हणून सांगितलंय?"

"बारा. आईबाप बघितले ना आम्ही, एवढेच आहेत," असं म्हणून दादांनी हात गुडघ्याच्या खाली धरला.

"त्या आईबापांचं वय काय होतं?"

ते कोणी विचारलं नव्हतं. सहसा कोणी विचारत नाही आणि बहुतेक घोटाळा तिथेच असतो. डुक्कर काही महिन्यांचं असतानाच वयात येतं आणि त्याला पिल्लंही होऊ शकतात. हाडांची वाढ मात्र तीन वर्षं आणि काहींची त्याहूनही जास्त चालते. म्हणजे विकणाऱ्याने दाखवलेले ते गोंडस छोटे आईबाप स्वतःच अजून पोरं असतात. त्यात कुणी वजन रोखायला पिल्लांना मोजूनमापून अर्धपोटी ठेवत असेल तर चित्र आणखी फसवं होतं. 'टीकप' नावाची कोणतीही जात नाही, ती विक्रीची पाटी आहे. जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात १९६०च्या दशकात प्रयोगशाळांसाठी मुद्दाम लहान आकाराचं डुक्कर तयार केलं गेलं. ते आजही जगातल्या सर्वांत लहान जातींत गणलं जातं, आणि पूर्ण वाढल्यावर त्याचंही वजन ३५ ते ४५ किलो भरतं. १९८०च्या दशकात हौशी लोकांच्या घरात शिरलेलं व्हिएतनामी पोटबेली, म्हणजे लोंबत्या पोटाचं डुक्कर, त्याहून सहज मोठं होतं. शेतावरच्या दोन-तीनशे किलोच्या डुकरापुढे हे 'मिनी' खरंच, पण सोफ्यापुढे नाही. आणि सोबत पंधरा-वीस वर्षांची असू शकते, म्हणजे ही मुलगी कॉलेज संपवून घराबाहेर पडेल तेव्हाही डुक्कर घरातच असेल.

हे सगळं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पण मान डोलावल्याने घर बदलत नाही हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी घरातली सर्वांत मोठी सुटकेस मागवली. आम्ही ती जुन्या पुस्तकांनी भरली आणि लांब कडेवर आडवी उभी केली. साधारण ऐंशी सेंटीमीटर लांब, पन्नास उंच. "ही तीन वर्षांनंतरची चिंगी. आता हिला घरभर फिरवा."

अर्ध्या तासात जे कळलं ते एरवी दोन तास बोलून कळलं नसतं. सोफा आणि जेवणाच्या टेबलामधून सुटकेस जाईना. आजींच्या खोलीकडून बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात ती ठेवली तर आजींना भिंतीला धरून, एक पाय उचलून पलीकडे जावं लागत होतं. कोपऱ्यातल्या गोल बिछान्यावर सुटकेसचं एक टोकच मावलं.

"आणि ही बॅग आपापली चालणार?" आजींनी विचारलं.

"चालणार. आणि भूक लागली की मागून ढुशी देणार, बरोबर तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर."

आजी काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी दादांनी विकणाऱ्याला फोन लावला. नर चौदा महिन्यांचा निघाला आणि मादी अकरा. शिवाय पिल्लू ठरलेल्या दिवशी जेमतेम सहा आठवड्यांचं होणार होतं. बाटलीने दूध पाजलं की जास्त लळा लागतो, असा सल्ला वर मिळाला. हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो वाईट आहे. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं हे शिकतच नाही. ते धडे मग माणसाच्या पोटऱ्यांवर गिरवले जातात. मी आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबा म्हटलं. मुलगी रुसली, पण थांबले. त्यामुळे आम्हाला आणखी दोन आठवडे मिळाले.

त्याच आठवड्यात दोन कामं झाली, जी खरं तर पिल्लू पसंत करण्याआधी व्हायला हवी होती. पहिलं काम परवानगीचं. आकार कितीही असो, बहुतेक ठिकाणचा कायदा डुकराला कुत्र्या-मांजरांत न धरता गुराढोरांत धरतो. ब्रिटनमध्ये तर एकच पाळीव डुक्कर असलं तरी जागेचा नोंदणी क्रमांक लागतो आणि त्याला रस्त्यावर फिरवायला वेगळा परवाना. यांच्या भागात काय चालतं ते दादांनी लेखी विचारून उत्तर फाइलला लावलं. दुसरं काम डॉक्टरांचं. जवळच्या तीन दवाखान्यांनी "आम्ही डुक्कर बघत नाही" असं सांगितलं. चौथे डॉक्टर मोठ्या जनावरांचे होते, त्यांनी होकार दिला आणि लसी, जंताचं औषध, खुरं कापणं, गर्भाशय आणि अंडाशय काढणं सगळं एका कागदावर लिहून दिलं. डुकराला भूल देणं हे अनुभवी हाताचं काम आहे. रात्री दोन वाजता असा डॉक्टर शोधत बसायची वेळ येऊ नये.

गुडघ्यांवर बसून

पुढच्या भेटीत मी मुलीला लाल टिकल्यांचं पाकीट दिलं आणि म्हटलं, "तू आता डुक्कर. हात मागे बांधायचे. नाक जिथे लागेल तिथे टिकली."

डुकराच्या घराची तयारी म्हणजे त्याच्या नाकाची तयारी, हे मला या प्रकरणात पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. त्या चपट्या गोल चकतीच्या आत कूर्चा आहे, आधाराला एक वेगळं छोटं हाड आहे, वर मज्जातंतूंचं दाट जाळं आणि मागे मानेचा सगळा जोर. हुंगायचं नाक, चाचपायचा हात आणि उचकटायची पहार, तिन्ही एकच. उकरणं ही खोड नाही, ती त्याची भूक आहे, आणि पोट भरल्यावरही ती शमत नाही. म्हणून घरात ज्या ज्या वस्तूला खालची कड आहे, ती वस्तू उचलण्यासाठीच ठेवलेली आहे असं धरून चालायचं.

सदतीस टिकल्या लागल्या. टीव्हीमागच्या वायरी, पडद्यांचे काठ, कचऱ्याचा डबा, ओट्याखालचे ड्रॉवर, फिनेलची बाटली, सोफ्याच्या खालचं अस्तर, हॉलमधली डायफेनबाकिया या विषारी शोभेच्या झाडाची कुंडी, फ्रिजच्या दाराचा खालचा कोपरा. यातलं बरंचसं माझ्या यादीत होतं. जे नव्हतं ते पोरीने शोधलं. आजींच्या पलंगाच्या दांडीला एक कापडी पिशवी लटकत होती, तळ जमिनीपासून दोन वीत. आत रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या. मी त्या खोलीत दोनदा जाऊन आले होते, पण उभ्याने.

पिशवी खिळ्यावर वर गेली. वायरी भिंतीलगत कडक नळीत बसवल्या, ड्रॉवर आणि कपाटांना लहान मुलांसाठी मिळतात त्या कड्या आल्या. डायफेनबाकिया शेजारी गेली, फिनेल वरच्या फळीवर. फ्रिजलाही कडी लावा म्हटलं तेव्हा दादा हसले. "फ्रिज काय उघडणार ती?" मीही जास्त ताणलं नाही. ते पुढे येईलच.

सगळ्यांत जास्त वेळ फरशीवर गेला आणि तो जायलाच हवा होता. घरभर गुळगुळीत टाइल्स. खूर म्हणजे टणक नख, टाइलवर त्याला पकड नाही. पिल्लू घाबरून पळालं की चारही पाय चार दिशांना फाकतात. एखादा सांधा तेव्हाच जातो, नाहीतर रोज थोडं थोडं घसरून दोन-तीन वर्षांत लंगडं होतं. शिवाय ज्या घरात पाय घसरतो त्या घरात डुक्कर हिंडत नाही, एका कोपऱ्यात बसून राहतं, आणि लोक म्हणतात "किती शांत आहे!" मी दादांना नायलॉनचे मोजे घालून हॉलमधून धावायला लावलं. दोन पावलांत त्यांना मुद्दा कळला.

सगळं घर झाकायची गरज नव्हती. झोपायची जागा, पाणी, शी-शूची जागा आणि मागचं दार हे चार बिंदू जोडणाऱ्या वाटांवर रबरी पाठीच्या पट्ट्या अंथरल्या. पट्टीला पुन्हा कड आलीच. सुट्टी पट्टी डुकराला गालिचा वाटत नाही, झाकण वाटतं. म्हणून कडा एक तर जड फर्निचरखाली दाबल्या किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पूर्ण लांबीभर बसवल्या. मधे मधे चिकटवून चालत नाही, जिथे टेप नाही ती जागा नाकाला बरोबर सापडते.

सोफ्याचा निर्णयही तेव्हाच करून टाकला. पाच किलोच्या पिल्लाला जे चालतं ते पन्नास किलोच्या डुकराला नाही चालणार, हे त्याला नंतर समजावता येत नाही. डुक्कर वरून उडी मारायला बनलेलं नाही, पुढच्या पायांवर सगळा भार येतो. म्हणून सोफा, पलंग, दोन्ही बंद. पिल्लू आपल्या पांघरुणात झोपणार हे मुलीने मनात धरलं होतं. तिला मी सांगितलं की तू खाली बस, ती तुझ्या मांडीवर येईल. मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, तिथे लाकडी उतार केला, लांब आणि कमी चढाचा, वर खरखरीत चटई ठोकून.

बिछाना इकडे, ट्रे तिकडे

डुक्कर घाणेरडं असतं ही समजूत माणसाने त्याला कोंडून ठेवून तयार केलेली आहे. जागा असली तर डुक्कर झोपतं-खातं तिथे घाण करत नाही, लांब जातं आणि ठरलेल्या कोपऱ्यात जातं. त्या एका चौरस मीटरात हे जमलंच नसतं. बिछान्याला खेटलेला ट्रे म्हणजे उशाशी संडास. पिल्लाने तो टाळून हॉलभर जागा शोधली असती आणि घरातल्यांनी म्हटलं असतं, हिला शिकवूनही कळत नाही.

लहान खोलीत एका कोपऱ्यात टेबलाखाली बिछाना केला. वर छप्पर, तीन बाजू बंद, आत फ्लीसच्या चादरी. डुक्कर चादरीत घुसून घरटं करतं. दोरे निघणाऱ्या, कापूस भरलेल्या वस्तू मी काढायला लावल्या, कारण फाडलेलं पोटात जातं आणि आतड्यात अडकतं. ट्रे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ. मांजराची माती परत केली, पिल्लू ती खातं आणि ती आत फुगते. त्याऐवजी कागदाच्या दाबलेल्या गोळ्या, आणि ट्रेची पुढची बाजू कापून इतकी खाली आणली की आखूड पायांना चढावं लागू नये. कुत्र्यांसाठी असतात ते शोषून घेणारे पॅड नको म्हटलं. ते डुकराला फाडायला दिलेलं बक्षीस ठरतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला थंडी पटकन बाधते म्हणून ताईंनी वरून टांगायचा गरम दिवा बघून ठेवला होता. चादरी, कागद आणि वरून लोंबणारा दिवा हे एकत्र नको. जनावरांसाठी असलेलं, वायर झाकलेलं उबदार पॅड घेतलं, तेही अर्ध्या बिछान्याखालीच. गरम झालं तर सरकायला जागा हवी.

अंगणाचं त्यामानाने लवकर आटपलं. जाळी वरून चांगली मजबूत होती, खालून मोकळी. कुत्र्यासाठी कुंपण उंच लागतं, डुकरासाठी ते खालून धरलेलं लागतं. तळाशी आडवं लाकूड बसवून ते जमिनीत गाडलं. कोपऱ्यात कण्हेर होती, ती मुळासकट काढली. तिचं पान न् पान विषारी. मग अंगणाचे सरळ दोन भाग केले: अर्धं ताईंच्या झाडांचं, अर्धं चिंगीचं, तिथे गवत टिकणार नाही हे मान्य करून. सावलीला छप्पर, आणि उथळ टबात पाणी. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे उन्हात अंग थंड करायला पाणी नाहीतर चिखलच लागतो.

कुत्र्याबद्दल मी कठोर होते आणि अजूनही आहे. तो शांत आहे हे खरं, पण कुत्रा शिकारी आहे आणि डुक्कर शिकार. एका किंकाळीने किंवा पडलेल्या एका दाण्यावरून दोन सेकंदांत गोष्टी बिघडतात. बोळाच्या तोंडाशी छोटं फाटक बसवलं. भेटी फाटकाआडून, आणि मोठं माणूस समोर नसेल तर दोघं कधीच एकत्र नाहीत. "पाच वर्षांनी दोस्ती झाली तरी?" मुलीने विचारलं. तरी.

खाण्याबाबत एक गोष्ट मी मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यावर चिकटवली: ताटातलं उरलेलं डुकराला नाही. चॉकलेट, खारट तळलेलं, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे गोड पदार्थ हे तर घातकच. मांसाचा अंश असलेलं खरकटं आणखी वेगळ्या कारणाने. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू खारवलेल्या, सुकवलेल्या मांसात महिनोन् महिने तग धरतो आणि त्यावर औषध नाही. माणसाला तो बाधत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप त्याने संपतात. चिंगीसाठी मिनी पिगचे दाणे आणले. कुत्र्याचं खाणं नाही, शेतावरच्या डुकरांचं झटपट वजन वाढवणारंही नाही. रोजचं मोजमाप डॉक्टरांनी वजनावरून ठरवलं. जास्त खाऊ घातलेल्या मिनी पिगच्या कपाळावरची चरबी डोळ्यांवर उतरते आणि त्याला दिसेनासं होतं, असं एक डुक्कर मी पाहिलं आहे.

पहिले दिवस

चिंगी आली ती सव्वाचार किलोची, काळी, एक पाय पांढरा. पेटी खोलीत ठेवली, दार उघडलं आणि सगळे बाहेर आले. असंच ठरलं होतं. उचलायचं नाही. डुकराच्या जगात वरून येऊन उचलणारा फक्त एकच असतो, त्याला खाणारा. त्यामुळे उचललेलं पिल्लू जे ओरडतं ते ऐकून शेजारी धावत येतात. ११० डेसिबलच्या पुढे जाणारा आवाज आहे तो.

पहिले दोन दिवस ती टेबलाखालीच होती. मुलगी रोज शाळेतून आल्यावर खोलीत जमिनीवर बसून मोठ्याने धडे वाचायची, चिंगीकडे न बघता, शेजारी चार दाणे पसरून. तिसऱ्या दिवशी दाणे गेले. पाचव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला ओलं, थंड नाक लागलं आणि पोरगी धडा वाचता वाचता थांबली नाही. हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं. ट्रेचं गणित चौथ्या दिवशी जमलं. दादांना त्याच आठवड्यात ताप-सर्दी झाली तेव्हा त्यांना मी खोलीबाहेर ठेवलं. फ्लू माणसाकडून डुकराकडे जातो.

आणि याच आठवड्यात माझी चूक उघडी पडली. पाण्याचं भांडं मी जड निवडलं होतं, मातीचं, रुंद बुडाचं. ते नऊ आठवड्यांच्या पिल्लाला उलटणार नाही असा माझा हिशेब. तिने ते उलटलं नाही. काठाखाली नाक घालून थोडं थोडं तिरकं करत सगळं पाणी सांडलं आणि गार ओल्या फरशीवर आडवी झाली. आजींना वाटलं, पाणी संपवलं. चार तास भांडं कोरडं होतं. चार तासांत काही होत नाही, पण बराच काळ पाणी मिळालं नाही तर डुकराच्या शरीरात मीठ साचतं, आणि मग एकदम भरपूर पाणी प्यायलं की मेंदूला सूज येते, झटके येतात, प्राणीही दगावतो. घरात दिवसभर फक्त आजी असताना हे एकाच भांड्यावर सोडणं चूक होतं. दुसऱ्या दिवशी दादांनी भिंतीला लाकडी चौकट ठोकून भांडं तिच्यात घट्ट बसवलं, दुसरं अंगणात ठेवलं आणि तिसरं बोळात. आता हे मी पहिल्या भेटीतच सांगते.

आजी

चौथ्या महिन्यात ताईंचा फोन: "ती आईंच्या पायांत घुसते आहे. काल पडता पडता वाचल्या."

जाऊन पाहिलं. आजी ओट्याशी उभ्या, चिंगी पोटऱ्यांशी. ती एकदा किंचाळली, आजींनी न बघता हात खाली केला आणि काहीतरी दिलं. दोन मिनिटांनी पुन्हा. "काकडीची साल तर आहे, खारट नाही, मांस नाही," आजी म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. काय द्यायचं ते मी चिकटवलं होतं, कसं द्यायचं ते नाही. हाताने भरवलेल्या डुकराला हात म्हणजे खाणं आणि ओरडणं म्हणजे घंटी. चार महिन्यांत चिंगीने आजींना पूर्ण शिकवून तयार केलं होतं.

आजींना सालं देणं बंद करायला सांगणं मला जमलं नसतं आणि त्यांनी ऐकलंही नसतं. दिवसभर त्याच तिच्या सोबतीला होत्या. म्हणून सालं राहिली, हात काढला. स्वयंपाकघराला अर्धं दार बसलं. अंगणातल्या तिच्या भागात लाकडी चौकोनात गोटे भरले, तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. आजी सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून त्या गोट्यांत दाणे आणि सालं फेकतात, तिने ओरडल्यावर नव्हे, घड्याळ बघून. ती तासभर गोटे उलथत बसते. घरात समोरून मुसंडी आली तर मागे सरायचं नाही, हातातली प्लायची फळी मधे धरून तिलाच बाजूला चालवायचं, हे आजी दोन दिवसांत शिकल्या. पोटऱ्यांवरचे निळे डाग जायला मात्र तीन आठवडे लागले.

पाचव्या महिन्यात गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचं ऑपरेशन झालं. तोवर ती दर २१ दिवसांनी माजावर येत होती, आणि ते दोन-तीन दिवस शिकवलेलं सगळं विसरून घर डोक्यावर घ्यायची.

सातव्या महिन्यात फ्रिज. दादांनी फोटो पाठवला: खालचा कप्पा जमिनीवर, भाज्यांच्या पिशव्या फाडलेल्या, चिंगी मधोमध झोपलेली. दाराच्या रबराच्या पट्टीखाली नाक घालून वर झटका, एवढंच. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, "कडी आणायला निघालोय."

चौदा महिन्यांनी

मागच्या भेटीत वजन ३१ किलो भरलं. अजून निदान दोन वर्षं वाढेल. बोळातली पट्टी एकदा बदलावी लागली, लहान खोलीतलं टेबल आता कमी पडतं म्हणून दादा उंच पायांचं करून घेताहेत. कुत्रा फाटकाला पाठ टेकून झोपतो, पलीकडून तीही. फाटक बंदच असतं. बाहेर न्यायची पेटी पहिल्या दिवसापासून खोलीत उघडी राहिल्यामुळे ती आपण होऊन आत जाते. खुरं कापायला डॉक्टरांकडे नेताना त्याचा उपयोग झाला. दुसरं डुक्कर आणावं का, हा विषय निघतो. डुक्कर कळपातलं आहे, त्यामुळे उत्तर खरं तर हो असायला हवं. आजींचं उत्तर सध्या नाही आहे.

निघताना मुलीने पुस्तकांनी भरलेली ती सुटकेस मुद्दाम बाहेर आणून चिंगीशेजारी ठेवली. उंचीत अजून चार बोटांचा फरक आहे. आम्ही मोजत असताना चिंगीने सुटकेस हुंगली, चाकांपासून सुरुवात करून खालच्या कडेने सरकत सरकत गेली, एका जागी थांबली आणि नाक खाली घातलं. सुटकेस पुस्तकांसकट आडवी झाली. आजींनी पाय आधीच वर घेतले होते.